चाळीस मिनिटं

सोमवार, दुपार

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पत्र वाचून झालं की ते तूच खोडशील.

खरं तर समोर बसून बोलता आलं असतं. दवाखाना कार्यशाळेपासून वीस मिनिटांवर आहे. पण काल तुझ्या खाटेशी तासभर बसलो आणि हवापाण्यावर बोलून उठलो. भावजी म्हणालेसुद्धा, "आज वक्त्यांची बॅटरी उतरली वाटतं!" तू हसलीस. मी पांघरुणाकडे बघायचं टाळत होतो. गुडघ्याच्या जागी ते सपाट पडलं होतं.

आधी कार्यशाळेच्या बातम्या. सातही जुने कॉम्प्युटर अजून तग धरून आहेत. खिडकीजवळच्या थोरल्याचं झाकण आम्ही कायमचं काढून ठेवलंय. त्याच्या पोटात टेबलफॅनचा वारा सोडावा लागतो, नाहीतर तो धापा टाकतो. कृत्रिम पायांचे आराखडे काढायचा नवा प्रोग्राम त्याच्यावर चालवायचा म्हणजे म्हाताऱ्याला जिना चढवायचा. एक रेघ फिरवा आणि वाट बघत बसा. तेवढ्यात मावशीचा प्लास्टरचा एक साचा घासून होतो. मावशी आठवते ना? तुझ्या कापलेल्या पायाच्या खुंटाचं माप घेताना, "लाजायचं काय त्यात, आमचं पोट त्यावरच चालतं," म्हणाली होती ती.

हे कॉम्प्युटर भंगारात निघाले होते, तेव्हा मी सभेत काय बोललो ते तुला पाठ आहे. मीच तर दहादा ऐकवलंय. "नवं विकायला काढलं म्हणून चालतं यंत्र मरत नाही! जुनं झालं की फेका, हा नियम आज यंत्राला लावाल, उद्या माणसाला लावाल. आणि आपण इथे करतो काय? जगानं मोडीत काढलेल्या माणसाला पुन्हा उभं करतो!" टाळ्या थांबेनात. ठराव एकमतानं झाला. ताई, त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. दुःख त्याचंच आहे. खोटं बोललो असतो तर माफी मागून सुटलो असतो.

त्या प्रोग्राममध्ये शेवटी एक तपासणी असते. सॉकेट, म्हणजे तुझ्या भाषेत 'बरणी', खुंटाला कुठे किती दाबेल ते ती रंगानं दाखवते. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे हाडावर भार. नव्या यंत्राला दोन मिनिटं लागतात. थोरल्याला चाळीस, आणि तेवढा वेळ त्याच्यावर दुसरं काहीच करता येत नाही. म्हणून आम्ही ती वगळायला लागलो. बरणी चढवायची, चार पावलं चालायला लावायचं, "कुठे टोचतंय?" विचारायचं. टोचलं तर माणूस सांगतोच.

मावशी एकदा बैठकीत म्हणाली, "साखरेनं ज्यांच्या पायातली जाणीव गेलीय, त्यांची तरी तपासणी लावा. टोचलेलं त्यांना कळणार कसं?"

मी उठलो. "मावशी, यंत्राला रंग कळतो, आपल्याला माणूस कळतो!"

सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार, दादा," आणि साच्यांकडे वळली.

तू हुशार आहेस. इथवर वाचून तुला कळलं असेल. तरी मला लिहू दे.

तुझ्या बरणीचा आराखडा मी स्वतः काढला. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, म्हणून तुझ्यापुढे मिरवलो होतो. आराखडा पुरा झाला तेव्हा तीन वाजले होते, आणि चारला वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय सांगायला लाज वाटते: 'टाकाऊ काहीच नसतं'. तपासणीपुढची खूण मी काढून टाकली आणि आराखडा पुढे पाठवला. बरणी चढवल्यावर विचारलं, "कुठे टोचतंय का?" तू म्हणालीस, "अजिबात नाही रे, लोण्यासारखी बसलीय." तू खरंच बोललीस. तुला टोचणार नव्हतंच. मला ते ठाऊक होतं.

खुंटावरचा मोजा भिजलेला दिसला तोवर हाडापर्यंत जखम गेली होती.

तू दवाखान्यात आलीस त्या दुपारी मी सगळी कामं बंद ठेवून थोरल्यावर ती तपासणी लावली. पंखा घरघरत होता. मावशी मागे येऊन उभी राहिली. सगळा आकार हळूहळू हिरवा होत गेला आणि अगदी शेवटी हाडाच्या टोकाशी अंगठ्याएवढा लाल डाग उमटला. जखम होती तिथेच. मावशी साच्यांकडे वळली. निदान तिनं बोलायला हवं होतं.

म्हणजे सभेत मी खरंच सांगितलं होतं, ताई. जुन्या यंत्रावर नवा प्रोग्राम चालतो. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढंच. तो मी दिला नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गुडघ्यासकट पाय काढायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "माझंच वजन वाढलं होतं ना रे? म्हणून झालं हे?" आणि मी म्हणालो, "वजन वाढलं की होतं तसं." जन्मभर तासनतास बोललो, आणि सगळ्यांत मोठं खोटं पाच शब्दांत बोललो. काल नर्स सांगत होती की तू ताट परत पाठवतेस, निम्मंसुद्धा खात नाहीस. अशानं जखम भरायची नाही. भावजी तिला म्हणाले, "वजनाचं मनावर घेतलंय तिनं." मी तिथेच उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो.

जखम दिसली तेव्हाही तुझं वजन माप घेतलं त्या दिवशी होतं तेवढंच होतं. मावशीच्या वहीत दोन्ही आकडे आहेत. पत्र ती आणून देईल, तेव्हा तिलाच विचार.

काल निघताना तू म्हणालीस, "पुढचा पायही तूच कर हं." तो मावशी करेल. तपासणी लावेल. चाळीस मिनिटं ती साचा घासत बसेल, पण लावेल.

मला भेटायला बोलावू नकोस. आलो तर मी बोलेन, आणि मी बोललो की लोकांना पटतं. तुला पटायला नको.

जेवत जा.

तुला न टोचलेलं ज्याला कळायला हवं होतं तो,
तुझा धाकटा