दुर्बिणीच्या सहा रात्री

पेण,
१६ मे २०२५

चि. आदेश,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा उजवा पाय अजून उचलत नाही, जीभ मात्र शाबूत आहे. कारखान्यात गणपतींची घाई सुरू झाली. दिवसाला चाळीस मूर्तींचे डोळे आखते. माझे स्वतःचे आता चष्म्याशिवाय चालत नाहीत. तू म्हणशील, ताई, पत्र कसलं लिहितेस, मेसेज कर. मेसेजला तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून पत्र.

जानेवारीत वाचनालयात तुझं व्याख्यान झालं तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते. छान बोललास. आकाशगंगेच्या मध्यभागी धुळीआड फार म्हातारे तारे आहेत आणि त्यांच्यावरून ती कशी घडली ते कळतं, हे माझ्यासारखीलाही समजलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणालास, "ही जागा मूळ नक्षत्राच्या शेजारी. या नक्षत्रावर जन्मली म्हणून आपण मुलीला सासऱ्याच्या जिवावर उठलेली ठरवतो. लाज वाटायला हवी." केवढ्या टाळ्या! मीही वाजवल्या. भाऊ माझ्यासाठी भांडतोय असं वाटून मला रडू आलं.

गेल्या मंगळवारी रोह्याचे दिनानाथ मूर्ती ठरवायला आले. आठवतात ना? २००१ साली मला पाहून गेले, पसंत केलं, पत्रिका नको म्हणाले, साखरपुड्याची तारीख धरली आणि चार दिवसांनी नकार कळवला. का, ते आपल्याला कधी कळलं नाही. निदान मला तरी. आता त्यांना टक्कल पडलंय, मुलगी कॉलेजात आहे. चहा पिता पिता म्हणाले, "तुमचा भाव लय सरळ मानूस. त्यानंच फोन केलान ना, ताईचं मूळ हाय, मागनं बोल नको. आमचे बाबा तवा आजारी. घाबरले ओ." हसत सांगितलं त्यांनी. माझ्या हातातल्या मूर्तीचा डोळा वाकडा गेला.

त्या वर्षी तुला पुण्याला प्रवेश मिळाला होता. मी रोह्याला गेले असते तर तुझी फी कोण भरणार आणि आईचं कोण बघणार? ग्रहनक्षत्रांवर तुझा विश्वास तेव्हाही नव्हता. त्यांच्या वडिलांचा होता, तेवढा तुला पुरला.

घरी येऊन आईला विचारलं. ती पेज पीत होती. "व्हय, माझ्यासमोरच केलान फोन. तू गेली असतीस तर माझं कोनी केलं असतं गो?" आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणाली. मी मीठ घातलं.

आता कामाचं. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात मी एक खोली घेतली आहे, रोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात काम मिळालंय. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवर तुझ्या सहा रात्री १० जूनपासून आहेत ना? तीन वर्षं थांबून मिळाल्या, हुकल्या तर पुन्हा मिळायच्या नाहीत, असं तूच म्हणाला होतास. म्हणून मी नीट विचार करून ९ जून धरला. सकाळी आईला आंघोळ घालून, पेज भरवून निघेन. शेजारची मालू रात्री आठपर्यंत थांबेल. पुढचं जमणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलंय. एखादी बाई बघ ना, म्हणशील. मी बघितली नाही. तू बघ, दुर्बीण तुझ्याकडे आहे.

मी असं करणार नाही, असं तुला वाटेल. तेवढ्याच भरवशावर तर तू तो फोन केला होतास.

आईला मी जाणार हे माहीत नाही. नऊ तारखेला संध्याकाळी आदेश येतोय, एवढंच तिला सांगितलंय. तेव्हापासून तिने खाट दाराकडे फिरवून घेतली आहे.

किल्ली मालूकडे.

तुझी ताई,
नमिता
जन्मनक्षत्र मूळ