कोठीची किल्ली आणि घरातली दोन सभागृहं

मी, रंगुबाई बन्सी खेतमाळस, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला अक्षर येत नाही. सांगते मी, लिहिते नात दिशा. ती परीक्षेसाठी राज्यघटना मोठ्यानं घोकते, त्यामुळं निम्मी मलाही पाठ झाली.

कलम १. जमीन तिन्ही मुलांना सारखी. बांधावरून भांडलात तर वरून हसेन.

कलम २. धान्याच्या कोठीची किल्ली माझ्यामागं थोरल्या सूर्यभानकडं. पण ती त्याच्या कमरेला चिकटून बसू नये म्हणून घरात दोन सभागृहं नेमते: चूल, म्हणजे तीन सुना, आणि ओटा, म्हणजे तीन मुलं. किल्लीवाल्यावर आरोप कोणत्याही सभागृहानं करावा, चौदा दिवसांची नोटीस देऊन. चौकशी मात्र दुसऱ्यानं करावी. तिघांतले दोघं विरोधात गेले की किल्ली गेली. दिशा म्हणते, राष्ट्रपतींनाही असंच काढता येतं, पण अजून कुणाला काढलं नाही. काढतील कशाला? ते कुठं गुळाच्या कोठीत शिरतात!

कलम ३. कारण सांगते. लग्नानंतर सातव्या वर्षी कोठीतला गूळ कमी व्हायला लागला. आमच्या मालकांनी आरोप माझ्यावर केला, चौकशी त्यांनीच केली, निकालही त्यांनीच दिला. अकरा वर्षं किल्ली माझ्याकडं नव्हती. जाताना म्हणाले, "अगं, गूळ मीच खात हुतो."

म्हटलं, "ठाऊक हाय. मिशीला मुंग्या लागायच्या तुमच्या."

कलम ४. एवढं लिहून होतंय तोच मधली सून छबूबाई नोटीस घेऊन आली, तिघींच्या सह्यांची: शुगर असून सासू कोठीत गूळ खाते.

"आत्याबाई, कायदा तुमचाच हाय."

"व्हय गं, पर मी मेल्यावरचा!"

"आमाला तुमी जित्या पायजेत."

चौदा दिवस मृत्युपत्र अडलं. काल ओट्यावर सुनावणी झाली. मी बाजू मांडली: ढेप केवढी मोठी, मी केवढीशी. धाकटा अजिनाथ माझ्या बाजूनं रडला. सूर्यभान आणि गहिनीनाथ विरोधात गेले. किल्ली सूर्यभानच्या हातात दिली. कलम २ मध्ये 'माझ्यामागं' आहे तिथं 'माझ्यादेखत' वाचावं. बाकी नियम तेच. चुलीची नजर आता त्याच्यावर.

निकाल मला मान्य. आरोप एकीकडून आला, निवाडा दुसरीकडं झाला, आणि गूळ खरंच मी खाल्ला होता. या घरात पहिल्यांदा सरळ न्याय झाला. माझ्याविरुद्ध झाला, एवढंच.

साक्षीदार:
१. शामकांत मुळे, निवृत्त शिक्षक, शेजारी
२. डॉ. लीना मुळे (तपासलं: डोकं शाबूत, शुगर वाढलेली)

मिरजगाव, जि. अहिल्यानगर
दि. ९ जानेवारी २०२६

रंगुबाई बन्सी खेतमाळस, डाव्या अंगठ्याचा ठसा

(ठसा दुसऱ्यांदा घेतला. पहिल्या वेळी अंगठाच कागदाला चिकटला. – लिहिणार, दिशा)