छोट्या लाईनचा डबा

प्रिय सुमन,

आत्ताच बुऱ्हाणपूरला परतलोय, पायातले बूटही काढले नाहीत. जे झालं ते तुला सोडून कुणाला सांगू?

परवा तुझ्या आईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "जावईबापू, पोरगी गेली म्हून आमचं गावबी गेलं का?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. आणि आज तिकडे जायचं सोडून रेल्वे म्युझियम पाहायला गेलो!

शाळा आठवीत सुटली, पण वाफेचं इंजिन मी स्वतः वाचून शिकलोय. पाटीकडे न बघता एकेक भाग ओळखत होतो. जुनी रेल्वेमोटार पाहिली. बसला रुळावर चढवलं तर दिसेल तशी! तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

आणि पलीकडे आपल्या छोट्या लाईनचा डबा. खिशातल्या टेपनं दोन रुळांतलं अंतर मोजलं, बरोबर एक मीटर. "अहो, लोकं बघताहेत," असं म्हणून बाही ओढायला तू कुठे होतीस?

इथून तुझ्या गावी, देडतलाईकडे, बस सरळ जायची, तरी तू खंडव्याचा वळसा घ्यायला लावून याच गाडीनं माहेरी न्यायचीस. परतताना मुद्दाम उलट्या तोंडाच्या बाकावर बसायचीस. गाव दिसेनासं होईपर्यंत माझ्याकडे बघायचीही नाहीस. किती चिडायचो मी!

आज तुझ्या त्या जागेसमोर बसावं म्हणून आत चढलो आणि उभाच राहिलो. डब्याला इंजिन ना या बाजूला, ना त्या. मग उलटा बाक कोणता गं? मला कळेना, सुमन. मला!

मागून चौकीदार म्हणाला, "बसा ना काका, कुठंबी. ही गाडी आता थोडीच जाणार हाय?"

मी दांडीला धरून रडलो. त्यानं बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं.

तू गेल्यापासून मी तुझ्या गावी गेलेलो नाही. छोटी लाईन बंद झालीय, असं सगळ्यांना सांगतो. बस रोज जाते, हे आईंना ठाऊक नसेल? पण तुझ्याशिवाय त्या दारात उभं कसं राहायचं, ते तरी सांगून जायचं होतंस.

रविवारी सकाळच्या बसनं जातो. आई तुझ्याबद्दल बोलायला लागतील. तेव्हा काही कारण काढून मी अंगणात जाणार नाही. त्यांचं बोलून संपेपर्यंत समोर बसून राहीन. एवढं वचन घे.

तुझाच,
गजानन