संबंध असलेल्यांनी बाहेर थांबावे

प्रिय म्होरके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तू लगेच उघडलंस की टेबलावर पडू दिलंस, देव जाणे. ईमेल मुद्दामच केला नाही. तुझे ईमेल हल्ली तुझी सचिव वाचते आणि ‘मॅडमच्या कानावर घालते’ असं उत्तर धाडते. ते मला एकदा आलेलं आहे, तेवढं पुरे. आमची आई बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचंय. पण त्या एका डोळ्याने ती तुला टीव्हीवर बरोबर हुडकते. परवा तुझी मुलाखत लागली तर मला हाताला धरून ओढत आणलं. निळा कोट घालून तू सांगत होतीस की देशातल्या संगणकशास्त्राच्या संशोधकांना आजवर कुणी वालीच नव्हता, आता तुमच्या संघाला विज्ञान मंडळाची मान्यता मिळाली की मंडळावर आपलं माणूस बसेल, आणि हेच तुझ्या आयुष्याचं काम आहे, याच्याशिवाय तू काही कमावलेलं नाहीस. आई म्हणाली, बघ, आपली पोरगी कुठल्या कुठे पोचली. मी म्हटलं, हो ना. जरा जाड झाली आहेस. शोभतं तुला.

संघ हवा कशाला होता, ते मात्र मुलाखतीत फार गुळगुळीत सांगितलंस. खरं कारण प्रिंटर. तुझा प्रबंध संपत आलेला, परदेशातली माणसं तुझ्या कामाचा हवाला द्यायला लागलेली, आणि रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आपल्या दारात उभे राहून म्हणायचे, अहो कॉम्प्युटरवाल्या बाई, जरा बघता का, कागद अडकलाय. तू निमूट जायचीस, कागद काढून द्यायचीस आणि परत येऊन बिचाऱ्या खुर्चीला लाथ घालायचीस. विज्ञान मंडळावर सगळी अशीच मंडळी. आपल्याकडे नवं काम आधी कॉन्फरन्समध्ये जातं आणि तिथे ते पाखडून घेतात, हे त्यांना सांगून पटायचं नाही. त्यांच्या लेखी कॉन्फरन्स म्हणजे सहल. बढती असो, नेमणूक असो, आपले पेपर उचलून बाजूला ठेवायचे. तू चिडून म्हणायचीस, आपली बाजू मांडायला आपलीच संघटना पाहिजे, साऱ्या देशाची, नाहीतर जन्मभर कागदच काढत बसू. तेव्हा तू चिडलीस की फार सुंदर दिसायचीस.

आणि ती चीड कुठे शिजली? त्या व्हरांड्यात. कॉन्फरन्ससाठी पेपर निवडणाऱ्या समितीवर आपण दोघी एकदमच गेलो होतो. चर्चेला पेपर आला की अध्यक्ष विचारायचे, कुणाचा संबंध आहे का? लिहिणाऱ्याबरोबर काम केलेलं, नात्यातलं, जिवाभावाचं, जे कुणी असेल त्याने उठून बाहेर जायचं, नियमच तो. तुझा पेपर आला की तू उठायचीस आणि तुझ्यामागे मी. माझा आला की मी, आणि माझ्यामागे तू. आख्खी समिती हसायची. एकाने तर आपल्याला म्होरकी आणि शेपूट अशी नावंच ठेवून टाकली. बाहेर गळका कूलर होता आणि एक पाय आखूड असलेलं बाकडं, दोघींनी एकदम बसलं तरच न डुगडुगणारं. तिथे बसून आपण संघ उभा केला, हवेत. कोण सभासद, कोणाला मत, पहिलं भांडण कुणाशी करायचं, सगळं. एकदा कूलरखाली हात धुता धुता तू म्हणालीस, आपलं माणूस म्हणजे काय, ज्याच्यापायी आपल्याला खोलीबाहेर काढतात ते. मग म्हणालीस, म्हणजे बघ हं, जन्मात कधी आपण एकमेकींचं काम तपासायला बसू शकणार नाही. मी वेडी, ते मनावर घेतलं. लग्नात कुणी दिलं नसतं एवढं मोठं वचन वाटलं मला ते.

पुढे हवेतलं कागदावर आणायची वेळ आली तेव्हा तू आमच्याकडेच राहायला होतीस. आईने खिडकीशेजारची खाट तुला दिली होती आणि मी खाली गादी टाकायचे, कारण तुझी पाठ दुखायची. माझी दुखायची नाही असं आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. तू गावोगावच्या विभागांत जाऊन रुसलेल्या प्राध्यापकांच्या दाढ्या कुरवाळायचीस, एकाच्या घरी जेवलीस म्हणून दुसरा फुगला की त्याच्याकडेही जेवायचीस, आणि मी संघाची घटना लिहायचे. सभासद कोण, या कलमावर आपण दिवसचे दिवस घासाघीस केली. शेवटी मी लिहिलं, जो संशोधन करतो तो संशोधक, मग तो कायम नोकरीत असो, कंत्राटावर असो वा विद्यार्थी असो. तू मोठ्याने वाचलंस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. म्हणालीस, शेपटे, या एका ओळीसाठी संघ काढायचा. मी तेव्हाही कंत्राटावरच होते. ती ओळ मी माझ्यासाठी लिहिली होती आणि तुला ते ठाऊक होतं.

स्थापनेच्या सभेची आठवण काढू नये असं तुला वाटत असेल. मला मात्र काढायची आहे. मोठ्या संस्थांचे संचालक पहिल्या रांगेत बसले होते, घटनेची प्रत पडद्यावर होती आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी माझ्या लॅपटॉपवर मी. चहाच्या सुट्टीत त्यांनी तुला खिडकीपाशी घेरलं. कंत्राटी आणि विद्यार्थी धरले तर आम्ही मूठभर उरतो, आम्हाला विचारतंय कोण, आम्ही निघालो. हे सगळं मला ऐकू येत होतं. तू माझ्याकडे बघितलंससुद्धा. सुट्टी संपल्यावर माईकवरून तू म्हणालीस, एक छोटीशी दुरुस्ती, आणि मला सांगितलंस, कायम नोकरीत असलेला एवढं ठेवा, बाकी काढून टाका. ‘ठेवा’ म्हणालीस मला. ‘काढून टाका’ म्हणालीस. भरल्या सभागृहात, पडद्याएवढ्या मोठ्या अक्षरांत, मी माझीच ओळ एकेक शब्द खोडत गेले आणि सगळे बघत होते. पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं, या बाई कोण? त्यावर तू म्हणालीस, कुणी नाही, मदतीला आल्या आहेत. मग मतदान. सभासद नसलेल्यांनी कृपया बाहेर थांबावं. मी बाहेर थांबले. तिथेही बाकडं होतं, चांगलं होतं, डुगडुगत नव्हतं. मी वाट बघत होते की तू येशील माझ्यामागे. टाळ्या ऐकू आल्या आणि मग मला कळलं की तू येणार नाहीस.

तू नंतर सांगितलंस की ते तात्पुरतं आहे, आधी संघ उभा राहू दे, मग ओळ परत घालू. घातली नाहीस. उलट विद्यापीठांनी फतवे काढले की विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायचं तर संघाचं सभासदत्व हवं, आणि तू त्याचंही श्रेय घेतलंस. माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या दोन मुली होत्या. धाकटी रडली. थोरली शहाणी, तिने दुसऱ्याच दिवशी तुझ्या विभागात अर्ज दिला आणि तू तिला घेतलंस. माझं कंत्राट पुन्हा झालं नाही. आता मी शहराच्या पाणीपुरवठ्यात आहे, जमिनीखालच्या नळांना कुठे गळती आहे ते शोधणारा प्रोग्रॅम लिहिते. काम चांगलं आहे. दुपारी डबा खाऊन होतो, कुणी प्रिंटरसाठी बोलावत नाही, आणि माझे पेपर अजून निघतात, फक्त नावापुढे संस्थेच्या जागी पाणीपुरवठा असतं. तुझ्या थोरलीने गेल्या वर्षी एका भाषणात त्यावर विनोद केला म्हणे, आणि तू हसलीस म्हणे. हसलीस का गं?

आता बातमी. मान्यतेचा निकाल अजून जाहीर व्हायचा आहे, पण तुला सोमवारी कळण्याआधी माझ्याकडून कळावा अशी माझी इच्छा आहे. तुमच्या अर्जाचा विचार करायला विज्ञान मंडळाला एक समिती नेमायची होती आणि तिच्यात विषय कळणारं एक तरी माणूस हवं होतं. गंमत बघ. विषय कळणारे झाडून सगळे तुझे सभासद, म्हणून सगळे बाद. शोधता शोधता त्यांना पेपर छापून येणारी आणि संघाची सभासद नसलेली अशी एक बाई सापडली, पाणीपुरवठ्यात. तू मला खोडलं नसतंस तर मी तिथे पोचलेच नसते. गेले. गोल टेबल, काचेच्या बाटल्या, भौतिकवाले, गणितवाले, आणि हो, आपले तेच रसायनवाले, आता म्हातारे झालेत. मला बघताच आनंदाने म्हणाले, बरं झालं आलात, हा प्रोजेक्टर काही लागत नाहीये. मी लावून दिला. मग अध्यक्षांनी तुझं नाव वाचलं, अर्जदार आणि संस्थापक म्हणून, आणि विचारलं, कुणाचा संबंध आहे का? गणितवाले उठले, त्यांचा जावई तुमचा सभासद आहे. आणखी एक जण उठले. दार बंद झालं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी बसून राहिले.

अर्ज चांगला होता, तुझाच हात होता. मी एकच प्रश्न विचारला, या संघात कंत्राटी आणि विद्यार्थी किती? एकही नाही. मग मी त्या लोकांना सांगितलं की प्रयोगशाळांमधलं खरं काम कोण करतं, आणि तीच खोडलेली ओळ वापरली, जो संशोधन करतो तो संशोधक. ते त्यांना पटलं. देशातल्या संशोधकांचं प्रतिनिधित्व हा संघ करत नाही, सबब मान्यता नाही. अध्यक्षांनी माझे आभार मानले, म्हणाले, इतकं तटस्थ मत क्वचित ऐकायला मिळतं. मला वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. बरं वाटलं. घरी येताना आईसाठी फुलं घेतली. आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. निकाल रद्द करून घेणं तुझ्या हातात आहे, आणि तेही सोपं आहे. समितीतल्या बाईचा माझ्याशी संबंध होता आणि ती उठली नाही, एवढं मंडळापुढे जाऊन सांग, हे पत्र दाखव. माझी नाचक्की होईल, होऊ दे. पण ते विचारतील, कसला संबंध? पहिल्या रांगेतले तुझे संचालकही तिथे असतील. त्यांच्यासमोर, माईकवर, तुला सांगावं लागेल मी तुझी कोण होते. संघ वाचवायचा असेल तर सांग. मी बाहेर व्हरांड्यात थांबेन.

तुझीच,
शेपूट