तक्त्याखालची नक्षी

२२ एप्रिल १९४६, सोमवार
ईस्टर झाला. आता डोळे. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुटीत गावाची नजर तपासून यायला सांगितले आहे. काम नीट झाले तर मुंबईच्या कॉलेजात दृष्टिशास्त्राच्या कोर्सला शिफारस. नाही तर पुन्हा दवाखान्यात पट्ट्या उकळणे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी पाटी धरलेली नाही, त्यामुळे चूक करून चालणार नाही.
निश्चय: पहाटे उठणे. न चिडणे. अंदाजाने काही न लिहिणे.

२३ एप्रिल
उशिरा उठले. दवाखान्यातून तक्ता आला. अक्षर न येणाऱ्यांसाठी आहे. फणीसारखे तीन दातांचे चिन्ह, खाली खाली बारीक होत जाते. दात वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढेच सांगायचे. ख्रिस्ती मंदिरात शिकवणाऱ्या दानीएल मास्तरांनी गुंडाळी सोडली आणि पोरांचे हात लागू नयेत म्हणून मंदिराच्या ओसरीत उंच टांगली. सगळ्यांत खाली नक्षीची किनार आहे. छान दिसते.
मास्तरांकडून तक्त्यावरची चिन्हे तेवढी वाचून घेतली व पाठ केली. तपासणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहावे, तक्त्याकडे नव्हे.

२५ एप्रिल, दुपारी चार
वाटेत कडूबाईंना सलाम केला. उत्तर नाही. दया म्हणते, ती कडूबाईंची म्हैस होती. या दिवसांत धूळ फार उडते. धाकट्या बहिणीने इतके हसू नये. चिडले.

२७ एप्रिल
तपासणी सुरू. शेजारच्या राहीमावशींना पहिल्या चिन्हापुढे काही दिसले नाही. बुबुळ पांढरट. मी बरोबर उत्तर सांगितले. चुकीचे उत्तर घेऊन माणसाला घरी पाठवणे मनाला पटत नाही. सगळ्यांनाच सांगते. कोणी म्हणाले, परत सांगा, तर परत सांगते.
शिवाय व्यायाम: अंगठा नाकासमोर धरून पुढे-मागे न्यायचा. हा कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून दिवसभर टोचत राहिले. मग वाटले, पुस्तकातलेही कोणीतरी आधी मनानेच काढले असेल.

४ मे
सुधारणा दिसते! आधी अडखळणारे आता धडाधड सांगतात. मास्तरांनी रविवारच्या शाळेत वचने झाल्यावर तक्ताही चालीवर म्हणवून घेतला. छबूबाई दळताना तोच म्हणत होत्या. गावाला डोळ्यांची इतकी आस्था असेल असे वाटले नव्हते.

९ मे
राहीमावशी शेवटच्या ओळीपर्यंत! एकही चूक नाही. तोंड खांबाकडे होते, मी वळवले, तरी चूक नाही. म्हणाल्या, "लई सोपं हाय गं, एस्तेर. तुझ्या आंगठ्यात जादू हाय बघ."
घरी जाताना शेळीला अडखळून पडल्या. शेळी वाटेत बांधू नये.
डॉक्टरीणबाईंना कळवले: व्यायामाने गुण आला, गावात आता चष्म्याची गरज नाही.

१५ मे
बाई स्वतः बघायला येणार! जेवण जात नाही. मुंबईला न्यायला पेटी कोणाची मागावी? व्यायामाला नाव काय द्यावे? स्वतःचे नाव देणे गर्वाचे होईल. गावाचे द्यावे. किंवा दोन्ही.

२० मे
बाई आल्या. तक्त्याजवळ गेल्या, खाली काहीतरी पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तक्ता काढून, खालची बाजू वर करून उलटा टांगला आणि राहीमावशींना बसवले.
मावशींनी सुरुवात केली, "वर, उजवीकडं, खाली, खाली..." दुसऱ्या ओळीला सगळी ओसरी सुरात सामील झाली. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या बाबांचा.
बाईंनी बाबांना विचारले, "शलमोन, तुम्हाला हे दिसतं?"
"दिसत न्हाई, बाई. पर येतंय की!"
मग बाई म्हणाल्या, "एस्तेर, आता तू वाच."
मी वाचले. कुठेही न अडखळता. खोटे बोलले नाही. मला तसेच दिसत होते.
दया मोठ्याने हसली.
बाईंनी आपल्या पेटीतली भिंगे पहिल्यांदा माझ्याच डोळ्यांना लावली. नंबर बराच निघाला. शिफारस यंदा नाही. आधी गाव पुन्हा तपासून दाखवायचे. मावशींना मोतीबिंदू काढायला मोटारीत बसवले. जाताना त्या ओरडल्या, "तितला तक्ता बी पाठ करून येते गं!"
बाबा म्हणाले, "पुढल्या साली जा. मुंबई कुठं पळती?" आणि माझ्यासाठी मागून आणलेली पेटी परत द्यायला गेले.

१२ जून
चष्मा आला. मंदिराच्या ओसरीत जाऊन तक्ता सरळ केला. खालची किनार नक्षी नाही. छापलेले आहे: 'दर वेळी तक्ता फिरवून टांगावा. उत्तरे सांगू नयेत.'
निश्चय: उद्यापासून चष्मा कायम लावणे. आज वाटेत लोक हसतील म्हणून काढून हातात धरला. वाटेत कडूबाईंची म्हैस उभी होती. या वेळी फसले नाही, सलाम न करता सरळ पुढे आले.
संध्याकाळी कडूबाई घरी येऊन आईला म्हणाल्या, "तुझी पोरगी मंबईला जायच्या आदीच वळख इसरली."