खालची फळी

पुमाला, ३ फेब्रुवारी

प्रिय तुइया,

इकडे सगळं ठीक. तळं छान घट्ट गोठलंय, कॉफी संपत आलीय आणि मला तुझा भयंकर राग आलाय. फोनवर तू रडतेस, मग माझी वाचा बसते. म्हणून कागदावर भांडते.

सौनाच्या पाळ्या लावणाऱ्या राइलीला काय कळवलंस गं तू? शनिवारी तळ्यावरच्या सौनात वाफ घ्यायला गेले, तर भट्टी पेटवायची माझी पाळी दुसऱ्याला दिलेली. आपली माणसं तुला ठाऊकच आहेत! नुसती सरकली आणि मला खालच्या फळीवर जागा करून दिली. खालच्या फळीवर! जिथे वाफ धड पोचत नाही, जिथे पोरं आणि आजारी माणसं बसतात. मी विचारलं, "राइली, माझं मयत कधीचं ठरवलंयत?"

ती खाली बघत म्हणाली, "हिल्का, तुझ्या रक्तात काहीतरी सापडलंय म्हणे. तुझ्या लेकीनं कळवलं."

सापडलंय तर सापडलंय! विद्यापीठाला तपासणीसाठी निरोगी म्हातारी माणसं हवी होती, म्हणून मी हौसेनं हात पुढे केला. त्यात निघाल्या ऑटोअँटीबॉडीज. म्हणजे रक्तातले पहारेकरीच, पण घरच्यांवर गुरगुरणारे. मी लगेच डॉक्टर सालमेलाकडे गेले होते. त्या पोरीनं बोटं दाबली, गुडघे वाकवले, छाती तपासली. म्हणाली, "या वयात धडधाकट माणसांच्या रक्तातही हे पुष्कळदा सापडतं. तेवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. सांधे सुजले तर या."

"आणि बर्फातलं पोहणं?"

"हृदय ठणठणीत आहे तुमचं. फक्त एकट्या जाऊ नका."

एकटी मी कधी गेले होते? म्हणून त्या शनिवारी मी सरळ वरच्या फळीवर चढले आणि तापल्या दगडांवर असं पाणी ओतलं की राइलीच खाली पळाली. मग लोकरीची टोपी घातली आणि तळ्यात बर्फ कापलेल्या जागी गळ्यापर्यंत उतरले. कोण अडवतंय बघू!

राहता राहिली माझी सौनाची किल्ली. नाताळात तू ती गुपचूप पर्समध्ये टाकलीस. मी पाहिलं होतं. तेव्हा का बोलले नाही, सांगू?

त्याच सकाळी तुझ्या बोटांतून सुरी निसटली होती. साधा बटाटा सोलता येईना तुला. आणि मी तुझ्यासमोर लाकडं फोडून आत आणली. तू बघत राहिलीस. तुझंही आधी असंच रक्तात दिसलं होतं, मग बोटांच्या सांध्यांत उतरलं. म्हणून घाबरलीस ना माझ्यासाठी? तुझे पहारेकरी तुला चावले, माझे नुसते गुरगुरतात. कुठल्या आईला हे बरं वाटेल? मला लाज वाटते गं माझ्या धडधाकटपणाची. अदलाबदल करता आली असती तर केव्हाच केली असती.

पण ती होत नाही. आणि तुला एकटं वाटू नये म्हणून मी खोटी खोटी आजारी पडणार नाही. मी आजारी आहे, हे मला कोणी सांगू नये. तूसुद्धा.

किल्ली टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. येत्या शनिवारी भट्टी मीच पेटवीन, मंद. वरची वाफ तुला सोसायची नाही, ठाऊक आहे मला. राइलीला काय बघायचं ते बघू दे.

खालच्या फळीवर फक्त तुझ्याशेजारी बसणारी,
तुझी धडधाकट
आई