अंबाडीचे खडे

सर, आज नातीमुळे तुमची आठवण निघाली आणि सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. ती लातूरला बारावी करते. मोबाइलवरून वाचून दाखवत होती, जपानातल्या एका प्राध्यापकानं समुद्रातलं शेवाळ उकळून त्याची चव वेगळी काढली. पुढचं मीच बोललो, "आटवून आटवून खडे केले त्यानं." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर नववी नापास! तुम्हाला कुणी सांगितलं?" मी ताट सारून हा कागद लिहायला घेतला.

अहमदपूरच्या शाळेत मी तुमच्या प्रयोगशाळेचा शिपाई, नळ्या धुणारा. अजून दिसतं, तुम्ही फळ्यापाशी उभे आहात. "त्या जपानी लोकांनी आधी डच पुस्तकं वाचली, एकेका वायूला आपल्या भाषेत नाव दिलं. मग परदेशात जाऊन शिकले. आन परत येऊन आपल्याच सैपाकघरातली हंडी उघडून बघितली. आपल्या हंडीत काय हाय?" मी दारातून म्हणालो, "अंबाडी, सर." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी अंबाडीचं गाठोडंच घेऊन आलात. आपण दोघांनी ती उकळली, फडक्यातून गाळली, आटवली. मी रसात बोट घालून चाटलं तेव्हा केवढे ओरडलात! "लेका, इथलं काही तोंडात घालायचं न्हाई. मरशील एखाद्या दिवशी." मग उरलेला रस पांढऱ्या बशीत ओतून खिडकीत ठेवलात, "खडे धरू दे, हात लावू नको" म्हणालात आणि आठ दिवस गावी गेलात.

मधेच तपासणी येणार म्हणून कळलं. साहेब रागावतील या धास्तीनं मी दिसेल ते भांडं धुवत सुटलो. हातातली बशी अर्धी धुतल्यावर ध्यानात आलं, ही खिडकीतली.

तुम्ही आलात, विचारलंत. मी म्हणालो, "नुसता काळा गाळ होता, सर. फेकला." तुम्ही कोरडी बशी उलटीसुलटी करून पाहिलीत. "हाव, असंल. आपल्याला न्हाई जमलं, लेका." पुन्हा कधी अंबाडी आणली नाहीत. हेडमास्तर सगळ्यांसमोर विचारायचे, "काय सर, अहमदपूरचं जपान कुठवर आलं?" तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचात. मी चहाचे कप उचलत राहायचो.

आता तुमचा कुठला पत्ता, हा कागद कुठं टाकणार? घडी करून खिशात ठेवतो. पण एक राहिलं, सर. अर्ध्या धुतलेल्या बशीच्या काठाला पांढरे खडे चिकटून होते. एक मी जिभेवर ठेवला. आंबट होता. मग राख घेऊन मी तो काठही घासला.